शिकलेल्या हातांसाठीही 'नमुना ४' हवा : राज्याच्या कौशल्य मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
राज्याचे कौशल्य, प्रशिक्षण व रोजगार धोरण ठरवणारे मंडळ

विषय : प्रशिक्षण संपल्यानंतरच्या वर्षाची जबाबदारी

सन्माननीय महोदय, महोदया,

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास मला एक फोन आला. मंठ्याकडचा मुलगा, माझ्या शेवटच्या तुकडीतला फिटर. वाळूजच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागला होता. "सर, ब्रेक झाला," एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. पाठीमागं खोलीतल्या बाकीच्या पोरांचा आवाज येत होता. बजाजनगरात एका खोलीत पाच जण राहतात ते. "गावाकडं कळवलं का?" मी विचारलं. "नाही सर. माय म्हणंल, कामून सोडलं? मी सोडलं नाही, हे तिला कसं सांगू?"

ब्रेक म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांनी कारखान्याचं गेट आतून पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याचा थोडा आधार मिळतो. म्हणून सात महिने होत आले की ठेकेदार सांगतो, उद्यापासून येऊ नको, बोलावलं की ये. कधी बोलावणं येतं, कधी येत नाही. मुलगा तोच, हात तेच, मशीनही तेच. फक्त दिवसांची मोजणी शून्यावर येते.

त्याच्या प्रशिक्षणाच्या कागदावर मात्र 'नोकरी मिळाली' अशी नोंद आहे. ती खोटी नाही, नोकरी खरंच मिळाली होती. पण फाइल त्याच दिवशी बंद झाली आणि पुढं त्याचं काय झालं हे विचारायला कुणी उरलं नाही. हे पत्र त्या बंद झालेल्या फाइलबद्दल आहे, आणि रोजगार हमीत काम मागायला जसा 'नमुना ४' अर्ज असतो तसा शिकलेल्यांनाही मिळावा, यासाठी आहे.

मी शिल्पनिदेशक होतो. किल्लारीचा भूकंप झाला त्या १९९३ साली नोकरीला लागलो आणि २०२४ मध्ये निवृत्त झालो. परभणी, जालना, बीड आणि लातूर या जिल्ह्यांतल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत फिटर ट्रेड शिकवला. हातात कानस कशी धरायची इथपासून व्हर्निअरचं माप कसं वाचायचं इथपर्यंत. पहिल्या महिन्यात मुलांच्या तळव्यांना फोड येतात, दुसऱ्या महिन्यात घट्टे पडतात, आणि दिवाळीनंतर कधीतरी एखादा मुलगा आपण घासलेला लोखंडाचा तुकडा गुण्याला, म्हणजे काटकोन तपासायच्या अवजाराला, लावून उजेडाकडं धरतो. मधून फट दिसत नाही. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते बघण्यासाठी मी एकतीस वर्षं वर्कशॉपमध्ये उभा राहिलो.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षापासून मी एक वही ठेवली. सरकारी नव्हे, माझी. प्रत्येक तुकडीतल्या मुलाचं नाव, गाव, शिकाऊ उमेदवारी कुठं केली, वर्षानं कुठं होता, पाच वर्षांनी कुठं होता. कुणी लग्नपत्रिका द्यायला आला की विचारायचं, कुणी एसटी स्टँडवर भेटला की विचारायचं, पुढं मोबाइल आले तेव्हा फोन करायचा. चार वह्या भरल्या. त्यात गाळलेल्या जागा पुष्कळ आहेत, काही मुलांचा पत्ताच लागला नाही. तरी त्या वह्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही अहवालात मला वाचायला मिळालं नाही.

पहिली गोष्ट अशी की परीक्षेतले गुण आणि पुढचं आयुष्य यांचा मेळ वहीत फारसा लागत नाही. मेळ लागतो तो शिकाऊ उमेदवारीशी. ज्या मुलाला चांगल्या कारखान्यात, चांगल्या फोरमनच्या हाताखाली वर्षभर खरं काम करायला मिळालं, तो टिकला. ज्याला शिकाऊ म्हणून घेऊन वर्षभर पॅकिंगला उभं केलं, तो फिटरचा हेल्पर झाला आणि हेल्परच राहिला.

दुसरी गोष्ट ऐकून आपल्याला नवल वाटेल. पहिल्या वर्षात काम सोडून गावी परतलेल्या मुलांपैकी काम येत नाही म्हणून परतलेले अगदी थोडे. खोलीचं भाडं, मेसचे पैसे, वडिलांचं आजारपण, बहिणीचं लग्न, पहिला पगार हातात येईपर्यंत काढायचे पंचेचाळीस दिवस, ही कारणं. कौशल्य होतं. वाळूज, चाकण किंवा भोसरीत पहिले दोन महिने तग धरायला पैसे नव्हते.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. गावात राहून ज्यांनी वेल्डिंगचं दुकान टाकलं, मोटार रिवाइंडिंग सुरू केलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधायला घेतल्या, त्यांतले कितीतरी आज स्वतः चार पोरं कामाला ठेवून आहेत. परळीच्या बाजूला माझा एक विद्यार्थी पेरणीयंत्रं दुरुस्त करतो. जून महिन्यात त्याच्या दारात ट्रॅक्टरची रांग असते. पण त्याच्याकडं नेमणूकपत्र नाही. म्हणून त्या वेळच्या अहवालात तो 'नोकरी न मिळालेला' होता.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. राज्य पातळीवरच्या मंडळाचं काम काय?

वर्ग चालवणं हे त्याचं काम नाही. त्यासाठी संस्था आहेत. पैसे वाटणं हेही नाही. त्यासाठी विभाग आहे. परीक्षा घेणं आणि प्रमाणपत्र देणं हे काम आहे, पण ते निम्मंच. कुठल्या भागात पुढच्या चार-पाच वर्षांत कोणती कामं येणार, त्यासाठी आज काय शिकवायला घ्यायचं, कुणाला, कुठं आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात, हे आधी ठरवणं. आणि शिकून गेलेला माणूस नंतर कुठं आहे हे शोधून काढून त्यावरून आपलंच ठरवणं तपासणं, हे उरलेलं निम्मं. ते कुणाच्याच गळ्यात नसेल तर बाकीची यंत्रणा कितीही राबली तरी ती आंधळेपणानं राबते.

योजनांची कमतरता मी पाहिलेली नाही. राज्याची कौशल्य विकास सोसायटी २०११ साली झाली. २०१४ मध्ये केंद्रात स्वतंत्र कौशल्य मंत्रालय झालं, २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे आम्ही मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा फडकवत होतो त्याच दिवशी, विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी, पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण आणि १५ हजारांची अवजारं. महिनाभरात, १९ ऑक्टोबरला, राज्यात ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं उद्घाटन झालं. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला आठ हजार, पदवीधराला दहा हजार. या शेवटच्या योजनेत माझे काही विद्यार्थी गेले. सहा महिने झाले, मुदत पुढं वाढली, मग तीही संपली. पुढं काय, हा प्रश्न घेऊन ही मुलं ठिकठिकाणी आंदोलनाला बसली. त्यांच्या मागण्यांपैकी कोणती बरोबर आणि कोणती नाही यात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं की योजना आखताना सातव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हा मुलगा सकाळी उठून कुठं जाईल, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. ते विचारणारी खुर्ची आपली आहे.

याच जागी मला रोजगार हमीची आठवण होते. मराठवाड्यात ७२चा दुष्काळ म्हटलं की अजूनही म्हातारी माणसं गप्प होतात. माझे आईवडील दोघंही खडी फोडायला होते; मला कडेवर घेऊन आई कामावर जायची आणि सुकडी मिळायची, असं ती सांगायची. त्या दुष्काळानं या राज्याला एक मोठी गोष्ट दिली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. तोवर सरकार कामं काढायचं आणि माणसांनी तिथं जायचं. या कायद्यानंतर माणसानं मागायचं आणि सरकारनं पंधरा दिवसांत काम काढायचं, नाहीतर भत्ता द्यायचा. कामाची मागणी करायचा तो अर्ज म्हणजे नमुना ४. आमच्याकडं न शिकलेल्या बाईलासुद्धा 'नमुना चार' हा शब्द पाठ असतो. आणि त्याची पोच मागून घ्यायची असते, हेही तिला माहीत असतं, कारण पोच नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून?

खडी फोडणाऱ्या हाताला या राज्यानं पन्नास वर्षांपूर्वी जो मान दिला, तो दोन वर्षं लेथवर, वाइसवर, वेल्डिंगच्या झोतासमोर शिकलेल्या हाताला अजून दिलेला नाही. शिकलेल्या मुलाला 'मी हे शिकलो, मला या कामाची गरज आहे' असं लिहून द्यायची आणि त्याची पोच घ्यायची जागा हवी. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवता येतं, हे मला माहीत आहे. मोठ्या आस्थापनांनी रिकाम्या जागा कळवायच्या, हा कायदाही १९५९ साली झाला. पण नाव नोंदवणं आणि मागणी करणं यात फरक आहे. नोंदणीला मुदत नसते. मागणीला पंधरा दिवस असतात, तीस असतात, नव्वद असतात, पण काहीतरी असतात, आणि ते संपले की कुणालातरी उत्तर द्यावं लागतं.

आपण लगेच प्रत्येकाला नोकरीची हमी द्या, असं मी म्हणत नाही. आपल्या मान्यतेनं प्रमाणपत्र मिळालेल्या माणसाला सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी आपल्याकडं नमुना ४ भरता यावा, एवढं करा. त्यात त्यानं लिहावं : काम आहे की नाही, शिकलो त्याच ट्रेडचं आहे का, पगार किती, ठेकेदाराकडं की कंपनीच्या हजेरीपटावर, ब्रेक झाला का, आणि आता काय हवं. आणि पंधरा दिवसांत त्याला जिल्ह्यातून एक फोन जावा. फोनवर सांगायला काम नसेल तर तसं सांगावं. आमच्या मुलांना 'नाही' ऐकायची सवय आहे. कुणी फोनच करत नाही, याची मात्र सवय होत नाही.

हे अशक्य नाही, कारण इतरत्र ते होतं. अमेरिकेत २०१४ च्या एका कायद्यानं प्रत्येक राज्यात मनुष्यबळ विकासाचं मंडळ ठेवणं बंधनकारक केलं आहे. त्या मंडळात बहुमत उद्योग-व्यवसायातल्या लोकांचं असतं आणि किमान वीस टक्के जागा कामगारांच्या बाजूच्या लोकांना द्याव्या लागतात. त्यांत कामगार संघटनांचे प्रतिनिधी असतात. मंडळाच्या मदतीनं चार वर्षांची योजना तयार होते आणि मंजुरीपूर्वी ती लोकांपुढं हरकती-सूचनांसाठी ठेवली जाते. यशाची मोजणी माणूस कार्यक्रमातून बाहेर पडल्यानंतरच्या दुसऱ्या तिमाहीत आणि चौथ्या तिमाहीत होते : कामावर आहे का, आणि दुसऱ्या तिमाहीत अशा सगळ्यांची मधली कमाई (निम्म्यांची तिच्याहून जास्त, निम्म्यांची कमी) किती. ही माहिती मालक बेरोजगारी विम्यासाठी दर तिमाहीला वेतनाची जी नोंद भरतात, तिच्यातून घेतली जाते. तिथं सगळं सुरळीत आहे असा माझा दावा नाही, आणि त्यांचा देश वेगळा, आमचा वेगळा. पण प्रशिक्षणानंतरचं वर्ष मोजता येतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

आपल्याकडं भविष्य निर्वाह निधीचा (पीएफचा) कायमचा खाते क्रमांक, म्हणजे यूएएन, आहे, राज्य कामगार विम्याचा क्रमांक आहे. मुलाच्या संमतीनं प्रवेशाच्या वेळीच त्याचा आधार आणि पुढं यूएएन जोडला, तर कोणत्या महिन्यात पीएफ भरला गेला आणि कोणत्या महिन्यात थांबला हे आपल्याला घरबसल्या दिसेल. ब्रेक तिथं स्पष्ट दिसतो : सात महिने भरणा, मग कोरे रकाने, मग नव्या ठेकेदाराचं नाव. परळीच्या बाजूच्या माझ्या विद्यार्थ्यासारखे स्वतःचं दुकान चालवणारे त्यात सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी त्यांच्या निदेशकाचा वर्षातून एक फोन पुरेल. निदेशकाला वीस मुलांना फोन करायला एक रविवार लागतो. मी करत आलो आहे, म्हणून सांगतो. आणि ही आकडेवारी जिल्हावार, संस्थावार, ट्रेडवार लोकांसमोर ठेवा. मुलाला कुठल्या संस्थेत घालायचं हे बाप ठरवतो तेव्हा त्याच्यासमोर आज फक्त इमारत आणि जाहिरात असते.

शिकाऊ उमेदवारीबद्दल थोडं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावे लागतात. किती घेतले याची मोजणी होते. काय शिकवलं याची होत नाही. या कायद्याचं कलम २२ फार कमी लोक वाचतात. त्यात आधी म्हटलं होतं की शिकाऊ उमेदवाराला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही, पण २०१४ च्या दुरुस्तीनं प्रत्येक मालकानं आपल्या शिकाऊंना भरती करण्याबद्दलचं स्वतःचं धोरण आखायचं आहे. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, जालना, लातूर इथल्या आस्थापनांकडून हे धोरण आपण लिहून मागवा. नुसतं मागवलं तरी कितीतरी ठिकाणी पहिल्यांदा ते लिहिलं जाईल.

आता मराठवाड्याविषयी, कारण मी तिथूनच बोलू शकतो.

मुंबईत किंवा पुण्यात बसून पाहिलं की आम्ही आठ जिल्हे एकसारखे दिसतो : दुष्काळ, स्थलांतर, आत्महत्या. पण कामाच्या दृष्टीनं प्रत्येक जिल्ह्याची माती वेगळी आहे. जालन्यात सळ्यांच्या गिरण्या आणि बियाण्यांचा धंदा शेजारी शेजारी नांदतात. लातूरला डाळमिल, सोयाबीनचे तेलकारखाने. हिंगोलीत वसमतची हळद. उकडणं, वाळवणं, पॉलिश, दळणं, सगळ्यात यंत्रं आली आहेत आणि ती बिघडली की मिस्त्री नांदेडहून येतो. पैठणला पैठणीचे माग आहेत. छत्रपती संभाजीनगरात १९८५ च्या सुमारास वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्यामागं सुट्या भागांचे शेकडो छोटे कारखाने उभे राहिले. आता शेंद्रा-बिडकीनला नवं शहर वसतं आहे आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या कारखान्यांचे करार झाले आहेत. या सगळ्यांसाठी तीच पाच-सहा कोर्सची यादी चालत नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल हा ट्रेड आहे, पण फिटरसारखाच त्यालाही दोन वर्षं लागतात. कारखान्याची पाटी लागल्यावर तुकडी सुरू केली तर भरतीच्या वेळी मुलगा पहिल्या सत्रात असतो.

लातूरच्या रेल्वे डबा कारखान्याचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडलं. ३१ मार्च २०१८ रोजी हरंगुळला पायाभरणी झाली. २५ डिसेंबर २०२० रोजी डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. आमच्या भागात त्या वेळी केवढी आशा होती! पेढे वाटले गेले. मी तेव्हा वर्कशॉपमध्ये मुलांना सांगत होतो की आता डबे स्टेनलेस स्टीलचे असतात, त्याचं वेल्डिंग साध्या लोखंडासारखं नसतं, टिग आणि मिग हे वेल्डिंगचे प्रकार शिका. पण शिकवायला आमच्याकडं होते साधे आर्क वेल्डिंगचे संच, आणि गॅसचा सिलिंडर संपला की मागणीपत्र भरून वाट बघायची. पायाभरणीच्या दिवशीच या मंडळाच्या टेबलावर एक कागद यायला हवा होता : या कारखान्याला कोणत्या प्रकारचे किती हात लागतील, आणि ते लातूर, धाराशिव, बीड इथं घडवायला आज काय सुरू करावं लागेल. वेल्डर एका वर्षात तयार होतो. वेळ होता.

'स्थानिकांना प्राधान्य' या शब्दानं आम्हाला फार आशा लावली आहे. उद्योगांनी पर्यवेक्षकीय जागांत पन्नास टक्के आणि इतर जागांत ऐंशी टक्के स्थानिक घ्यावेत, हा शासनाचा जुना निर्णय आहे. पण त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलेला. गेवराईचा आणि ठाण्याचा, दोघंही बिडकीनला सारखेच स्थानिक. ठाण्याच्या मुलाशी माझं काही भांडण नाही. पण कारखान्यापासून तीस-चाळीस किलोमीटरच्या परिसरातले किती घेतले, हा आकडा कुणी मागतच नाही. आपण मागू शकता.

ऊसतोडीचं सांगितल्याशिवाय मला हे पत्र पुरं करता येणार नाही. मी बीडला सात वर्षं होतो. दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मार्च-एप्रिलपर्यंत फडात. मुलं काही सोबत जातात, काही आजीजवळ राहतात. माझ्या वर्गातली अशी मुलं नोव्हेंबरपासून दांडी मारू लागायची. हजेरी भरली नाही म्हणून नाव कमी करावं लागायचं, आणि मीही नियमाप्रमाणं केलं. एकदा अशा एका मुलाच्या घरी गेलो तर कुलूप. शेजारी म्हणाला, बाप पडला आजारी, मग उचल फेडायला पोरगाच गेला कोयत्यावर. मार्चात तो मला भेटायला आला, हाताला पाचटानं कापल्याच्या खुणा. "सर, आता घेता का वर्गात?" प्रवेश ऑगस्टमध्ये होतात. मी त्याला परत पाठवलं. ते मला अजून सलतं.

या जिल्ह्यासाठी प्रशिक्षणाचं वर्ष एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत का असू नये? दोन वर्षांचा ट्रेड नाही बसणार, हे मला कळतं. पण सहा महिन्यांचे पक्के, निवासी, खऱ्या यंत्रांवरचे अभ्यासक्रम बसतील. ऊसतोडणी यंत्रांसाठी शासनानं अनुदान दिलं आहे. ही यंत्रं फडात उतरली की कोयत्याचं काम कमी होणार. यंत्र चालवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस ऊसतोड कामगाराच्याच घरातला असावा, ही गोष्ट आपोआप होत नाही. ती आधी बसून ठरवावी लागते. ती ठरवली नाही तर यंत्राबरोबर चालकही बाहेरून येईल आणि तोडकऱ्याच्या पोराच्या हातात काहीच राहणार नाही.

मुलींबद्दलही एक सांगतो. आयटीआयमध्ये तीस टक्के जागा मुलींसाठी असतात. फिटरला येणाऱ्या मुली थोड्या, पण ज्या आल्या त्यांचं काम नेटकं. परभणीच्या एका मुलीची वाळूजला निवड झाली. दुसऱ्या पाळीतून रात्री सुटल्यावर राहायला सुरक्षित जागा मिळेना, म्हणून आठव्या दिवशी वडील येऊन घेऊन गेले. आज ती एका झेरॉक्सच्या दुकानात आहे. तिच्यावर दोन वर्षं राज्यानं खर्च केला, मी शिकवलं, तिनं घट्टे पाडून घेतले. वसतिगृह हा कौशल्य धोरणाचा भाग नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं माझ्या वहीतलं ते पान बघावं.

हे सगळं मी दान म्हणून मागत नाही. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद आहे, आणि त्याच कलमात तंत्रशिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी न्याय्य रीतीनं पुरवण्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. व्यवसाय प्रशिक्षण हा शब्द घटनेत आहे, आणि तो आमच्या संदर्भात आहे. १९९४ मध्ये मराठवाड्याचं वैधानिक विकास मंडळ झालं. ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली. विकासाच्या अनुशेषाबद्दल, म्हणजे मागं राहिलेल्या वाट्याबद्दल, विचारणारा तो मंच हातातून गेल्यापासून आपल्यासारख्या मंडळाची जबाबदारी आमच्यापुरती तरी वाढली आहे. आपल्या बैठकीत मराठवाड्यातला एखादा छोटा कारखानदार, एखादा ठेकेदाराकडं राबणारा कामगार आणि एखादा निदेशक बसू द्या. निदान वर्षातून एक बैठक जालन्याला किंवा अंबाजोगाईला घ्या. सकाळी सातला एमआयडीसीच्या गेटवर उभं राहा आणि मग बैठकीला बसा.

माझ्या चार वह्या मी आपल्या कार्यालयात आणून द्यायला तयार आहे. त्यांत नावं आहेत, म्हणून आधी त्या मुलांची परवानगी घेईन. हस्ताक्षर वाचायला अडचण येईल तिथं मी स्वतः येऊन सांगेन. एसटीनं येईन, खर्च मागणार नाही.

मंठ्याच्या मुलाला उद्या सकाळी फोन करायचा आहे. जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये देखभालीला फिटर हवा आहे, असं माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं कळवलं आहे; तो स्वतः तिथं फोरमन आहे. वहीत त्या मुलाच्या नावापुढं मी सध्या पेन्सिलनं लिहून ठेवलंय.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, फिटर ट्रेड
जिल्हा परभणी